शटरचे वजन कोण पेलते?

बटणावर चालणाऱ्या गॅरेजच्या दारांची निगा राखताना हा एकच प्रश्न विचारला, तरी बहुतेक अपघात टळू शकतात

शिवडी स्थानकाच्या पूर्वेला उतरले की बंदराची हद्द सुरू होते. गोदामांच्या रांगा, त्यांच्यासमोर उभे टेम्पो आणि खारे वारे खाऊन तांबूस पडलेली लोखंडी शटर असे तिथले नेहमीचे दृश्य. पश्चिमेला, टोकरशी जीवराज मार्गापासून परळच्या दिशेने गेले की चित्र पालटते. गिरण्या आणि चाळींच्या भागात उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या तळाला गाड्यांचे मजले आहेत आणि त्या मजल्यांच्या तोंडाशी बटणावर वर-खाली होणारी दारे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणारा अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीचे नाव मोटारींच्या संदर्भात पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येते. मात्र ती मोटार रात्री ज्या दारामागे विसावते, त्या दाराचा विचार ते बंद पडेपर्यंत सहसा कोणी करीत नाही.

मराठीत 'गॅरेज' म्हटले की डोळ्यांसमोर गाडीदुरुस्तीचे दुकान येते. गाडी ठेवण्याची बंदिस्त खोली हा या शब्दाचा दुसरा अर्थ मुंबईत पूर्वी बंगलेवाल्यांपुरताच होता. आता तो सदनिकाधारकांच्या करारनाम्यात येऊन बसला आहे आणि न्यायालयातही त्याचा कीस पडला आहे. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, इमारतीखालच्या खांबांमधील मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजेच 'रेरा'ने, गॅरेजची व्याख्याच दिली : ज्याला छप्पर आहे आणि तीन बाजूंनी भिंती आहेत, अशी वाहन ठेवण्याची जागा.

कायद्याने तीन भिंती मोजल्या. चौथी बाजू अर्थातच दाराची. या चारही बाजूंपैकी हलते ती एवढीच आणि जपावी लागते तीही हीच.

शंभर किलोंचा पडदा

तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा एका गाडीच्या दाराचा हिशेब पाहू. क्षेत्रफळ झाले साडेसात चौरस मीटर. सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पोलादी पत्रा, त्याच्या एकमेकींत अडकलेल्या वळणदार पट्ट्या आणि खालची जड पट्टी असे सारे धरले, तर हे शटर शंभर किलोंच्या घरात जाते. सिमेंटची दोन पोती डोक्यावर टांगलेली असावीत, तसेच हे आहे. बटण दाबताच ते निमूटपणे वर जाते, म्हणून त्याचे वजन जाणवत नाही एवढेच.

हाताने उघडायच्या शटरमध्ये हे वजन वरच्या पाइपात बसवलेल्या स्प्रिंगा पेलतात. शटर खाली येते तेव्हा स्प्रिंगा पिळल्या जातात आणि वर जाताना तोच पीळ उलगडून शटरला उचलून घेतो. पूर्ण बंद असताना लोंबणारे वजन सर्वांत जास्त, तेव्हा स्प्रिंगेचा पीळही सर्वांत घट्ट. शटर जसे वर गुंडाळले जाते, तसे लोंबणारे वजन कमी होते आणि पीळही सैलावतो. या समतोलामुळेच एखादा सडपातळ दुकानदार सकाळी एका हाताने शटर वर ढकलू शकतो.

मात्र या समतोलाला मर्यादा आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांनुसार हाताने उघडायचे शटर ८ चौरस मीटरपर्यंत साधे चालते, १२ चौरस मीटरपर्यंत त्याला बॉल बेअरिंग लागते आणि त्याहून मोठे असेल तर गिअरची यंत्रणा बसवावी लागते. पोलादी शटरांसाठी 'आयएस ६२४८' हे भारतीय मानकही आहे. शटर नव्याने बसवताना मिस्त्रीकडे किमान या दोन गोष्टींची विचारणा करणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

मोटर आली की हे गणित दोन प्रकारे बदलते. काही दारांत स्प्रिंगा तशाच राहतात आणि मोटर पाइपाच्या मध्यभागी बसते. तिथे वजन स्प्रिंगा पेलतात आणि मोटर केवळ फिरवण्याचे काम करते. गोदामांत आणि मोठ्या वाहनतळांत दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकारात मोटर एका बाजूला असते आणि साखळीने पाइप फिरवते. तिथे बहुधा स्प्रिंगा नसतात. सगळे वजन गिअर, साखळी आणि मोटरचा ब्रेक यांच्यावर असते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही शटर सारखीच दिसतात. बिघाड झाल्यावर मात्र दोघांचे वागणे अगदी वेगळे असते.

म्हणूनच देखभालीची सुरुवात तेलाच्या डबीने न करता एका प्रश्नाने करावी : या शटरचे वजन नेमके कोण पेलते? ज्या घरमालकाला किंवा सोसायटीच्या चिटणीसाला याचे उत्तर ठाऊक नाही, त्याला आपल्या डोक्यावर काय टांगले आहे हेच ठाऊक नाही.

हाताला जे कळत असे

हाताने शटर उघडण्यात एक फायदा दडलेला होता. स्प्रिंग सैल झाली, गाइडमध्ये खडा अडकला, एखादी पट्टी वाकली, की त्याच दिवशी हाताला ते कळे. 'आज शटर जड लागतंय' असे म्हणत दुकानदार मिस्त्रीला निरोप धाडी. मोटरला असे काही जड वाटत नाही. ती अधिक वीज घेते, थोडी अधिक तापते आणि ओढत राहते. मग एके दिवशी स्प्रिंग तुटते किंवा मोटर जळते आणि सर्वांना वाटते की बिघाड अचानक झाला. खरे तर तो सहा महिने चालू असतो, फक्त तो ओळखणारा हात तिथून निघून गेलेला असतो.

यावर उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा हाताला पुन्हा कामाला लावायचे. स्प्रिंगेच्या दारात मोटर सोडवण्याची दोरी किंवा किल्ली असते. दार पूर्ण बंद असतानाच ती सोडवावी. अर्धे उघडे असताना सोडवली आणि स्प्रिंग तुटलेली असली, तर शंभर किलो एकदम खाली येतात. मग दार हाताने कमरेपर्यंत उचलून पाहावे. समतोल ठीक असेल तर ते फारसा जोर न लावता उचलले जाते आणि हात सैल केल्यावर जवळपास तिथेच राहते. झपाट्याने खाली येत असेल तर स्प्रिंग थकली आहे आणि आपोआप वर पळत असेल तर पीळ जास्त आहे. दोन्ही बाबतीत मिस्त्रीला बोलवावे. पीळ दिलेल्या स्प्रिंगेला घरच्या पान्याने हात लावणे जिवावर बेतू शकते. तिच्यात साठलेली ताकद शंभर किलो उचलणारी असते, हे विसरू नये.

साखळीच्या शटरमध्ये ही चाचणी वेगळी होते. वीज बंद करून हाताच्या साखळीने शटर चार-सहा वेळा वर-खाली करावे. साखळी एकसारख्या जोराने फिरली पाहिजे. मध्येच अडखळणे, कटकट असा आवाज, शटर एका बाजूला तिरपे चढणे ही सारी गिअर किंवा गाइड बिघडल्याची चिन्हे होत. या प्रकारात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. साखळी तुटली किंवा गिअर निसटला तर शटरला कोसळण्यापासून रोखणारा सुरक्षा ब्रेक पाइपाच्या दुसऱ्या टोकाला बसवला आहे का? तो नसेल, तर सारी इमारत एका साखळीच्या भरवशावर त्या शटरखालून ये-जा करीत असते.

एक स्प्रिंग, दोन आयुष्ये

स्प्रिंग किती वर्षे टिकते, हा प्रश्नच चुकीचा आहे. ती वर्षांनी झिजत नाही, फेऱ्यांनी झिजते. दार एकदा उघडून बंद झाले की एक फेरा पुरा होतो. गॅरेजच्या दारांच्या सर्वसाधारण पिळाच्या स्प्रिंगा सुमारे १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात.

आता हिशेब मांडावा. एका कुटुंबाची एकच गाडी सकाळी बाहेर जाते आणि संध्याकाळी परत येते. म्हणजे दिवसाला दोन फेरे. दहा हजार फेरे संपायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. तेच दार वीस गाड्यांच्या इमारतीच्या सामाईक तोंडाशी बसवले, तर दिवसाला चाळीस फेरे होतात आणि तीच स्प्रिंग २५० दिवसांत, म्हणजे आठ महिन्यांत आपले आयुष्य संपवते. एका गाडीसाठी घेतलेले स्वस्त दार सोसायटीच्या सामाईक प्रवेशाला लावणे महाग का पडते, त्याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

मोटरचेही तसेच. घरगुती शटरच्या मोटरी सतत चालण्यासाठी बनवलेल्या नसतात. थोडा वेळ काम, मग विश्रांती, अशी त्यांची रचना असते. सकाळी नऊच्या सुमारास एकामागून एक दहा गाड्या बाहेर पडल्या आणि दर गाडीमागे शटर वर-खाली झाले, की आतले उष्णतारक्षक बटण मोटर थांबवते. वॉचमन म्हणतो, 'मोटर गेली.' बहुधा ती गेलेली नसते, तापलेली असते. वीस-पंचवीस मिनिटांनी ती आपणहून चालू होते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले, तर मात्र ती खरोखरच जाते. गर्दीच्या तासाला शटर उघडेच ठेवून तिथे माणूस उभा करणे, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

आणखी एक नाजूक भाग म्हणजे लिमिट स्विच. शटरने वर कुठे थांबायचे आणि खाली कुठे टेकायचे, हे तो ठरवतो. काळाच्या ओघात तो थोडा सरकतो. वरची मर्यादा सरकली तर खालची पट्टी पेटीत घुसून अडकते. खालची सरकली तर जमिनीला टेकल्यावरही पाइप फिरतच राहतो, पट्ट्या सैल पडतात आणि उलट्या गुंडाळल्या जाऊन वाकतात. शटर टेकल्यावर वरच्या पेटीतून खडखडाट ऐकू आला, तर त्याच दिवशी मिस्त्रीला कळवावे.

शटरखाली काय आहे, हे शटरला कळते का?

मुंबईतील इमारतींत मुलांना खेळायला वेगळी जागा क्वचितच असते. गाड्यांचा मजला हेच त्यांचे मैदान. पावसाळ्यात तर क्रिकेटपासून लपाछपीपर्यंत सारे तिथेच चालते. खाली येणाऱ्या शटरखालून शेवटच्या क्षणी पळत सुटणे हाही मुलांचा एक खेळच. म्हणून शटरच्या सुरक्षिततेचा प्रश्न चोरीच्या आधी मुलांचा आहे.

विजेवर चालणारे गॅरेजचे दार ही मूळची अमेरिकेतील कल्पना. वर उचलले जाणारे दार १९२१ मध्ये आणि ते उघडणारी विजेची यंत्रणा १९२६ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी तिथे आणली. पुढे ही दारे घरोघर पोचली आणि त्यांच्याखाली सापडून लहान मुले दगावल्याच्या घटना वारंवार नोंदवल्या जाऊ लागल्या. अखेर १९९० मध्ये तिथे कायदा झाला. अडथळा लागताच दार उलट फिरले पाहिजे, हा दंडक आला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रणांना प्रकाशकिरणाचा सेन्सर किंवा तत्सम दुसरे संरक्षणही सक्तीचे झाले. म्हणजे यंत्र येऊन सहा दशके उलटल्यावर ही अक्कल आली.

साध्या रोलिंग शटरच्या मोटरला वाटेत काही अडले, हे आपोआप समजत नाही. तिला फक्त 'वर', 'खाली' आणि 'थांब' एवढेच कळते. तिला डोळे द्यायचे तर दोन साधने आहेत. पहिले म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलेला प्रकाशकिरणाचा सेन्सर. जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर तो बसवण्याची पद्धत आहे, कारण रांगणारे मूलही त्यात यावे. किरण तुटला की खाली येणारे दार थांबून वर जायला हवे. दुसरे साधन म्हणजे खालच्या पट्टीला लावलेली दाबसंवेदी रबरी कड. ती कशालाही टेकली की दार मागे फिरते.

इथे एक बारकावा आहे. उंच गाडीचा तळ जमिनीपासून १५ सेंटिमीटरहून वर असू शकतो. दोन चाकांमधून किरण आरपार गेला, तर सेन्सरला वाटते की दारात कोणीच नाही आणि शटर गाडीच्या टपावर उतरते. त्यामुळे जिथे टेम्पो आणि उंच गाड्या येतात, तिथे एक खालचा आणि एक वरचा असे दोन किरण असलेले बरे.

ही साधने चालू आहेत की नाहीत, याची चाचणी दर महिन्याला पाच मिनिटांत होते. शटर खाली येत असताना बाजूला उभे राहून लांब काठी किरणासमोर धरावी. मग चार सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी जमिनीवर आडवी ठेवून शटर तिच्यावर येऊ द्यावे. दोन्ही वेळा ते उलट फिरायला हवे. चाचणीला स्वतःचा हात किंवा पाय कधीही वापरू नये आणि दुसऱ्या माणसाचे बोट 'थांब'च्या बटणावर असावे.

सेन्सरचा खरा शत्रू म्हणजे वैताग. भिंगावर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले किंवा सायकलचा धक्का लागून तोंड फिरले, की शटर बंदच होत नाही. मग कोणीतरी दोन वायरी जोडून सेन्सर कायमचा गप्प करतो. शटर सुरळीत चालू लागते, सारे खूश होतात आणि इमारत पुन्हा १९९३ च्या आधीच्या काळात जाते. भिंग मऊ फडक्याने पुसायला एक मिनिट लागते. ते काम वॉचमनच्या रोजच्या यादीत असावे.

सेन्सर नसलेल्या शटरसाठी एकच सुरक्षित पद्धत आहे : बटण दाबून धरले तरच शटर खाली येईल आणि बोट उचलले की थांबेल. हे बटणही दार पूर्ण दिसेल अशा जागी आणि मुलांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर हवे. सेन्सर नसताना गाडीत बसून रिमोटने शटर बंद करणे आणि मागे न पाहता निघून जाणे, ही सर्वांत धोक्याची सवय.

बत्ती गुल, गाडी आत

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास वीजवाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई आणि परिसर अंधारात गेला. लोकल जागीच थांबल्या. दक्षिण आणि मध्य मुंबईत, जिथे 'बेस्ट'ची वीज जाण्याची लोकांना फारशी सवय नाही, तिथे अनेकांना त्या दिवशी आपले किती व्यवहार एका तारेवर लटकले आहेत हे उमगले. विजेच्या शटरची खरी परीक्षा अशाच दिवशी होते.

प्रश्न तीन आहेत. वीज नसताना शटर हाताने उघडण्याची सोय आहे का? ती चालवता येणारी किमान दोन माणसे इमारतीत आहेत का? आणि ती सोय फक्त आतून आहे की बाहेरूनही? गॅरेजला दुसरे दार नसेल आणि साखळी आतच लटकत असेल, तर बाहेरचा माणूस बाहेर आणि आतला आत अडकतो. अशा ठिकाणी किल्लीने बाहेरून मोटर सोडवण्याची सोय करून घ्यावी आणि ती किल्ली आतल्या कपाटात ठेवू नये! बॅटरीवर काही फेरे चालणाऱ्या मोटरीही मिळतात. मात्र बॅटरी दोन-तीन वर्षांनी थकते. म्हणून तिचीही चाचणी वीज बंद करून घ्यावी लागते.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. शटर बंद असताना आत गाडी सुरू करून ठेवू नये. पेट्रोल किंवा डिझेलच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि बंद खोलीत तो काही मिनिटांत माणसाची शुद्ध हरपवू शकतो. आधी शटर पूर्ण वर, मग किल्ली, असाच क्रम असावा.

सामाईक प्रवेशाच्या बाबतीत अग्निशमन दलाचाही विचार करावा लागतो. आवाराचे फाटक पूर्ण उघडून कुंपणाच्या भिंतीला लागावे आणि बंबाची वाट मोकळी राहावी, अशी राष्ट्रीय बांधकाम संहितेची अपेक्षा आहे. विजेवरचे फाटक अर्ध्यावर अडकले आणि ते हाताने कसे सोडवायचे हे रात्रपाळीच्या वॉचमनला ठाऊक नसेल, तर बाहेर बंब उभा असूनही उपयोग नाही.

खारे वारे आणि चार महिने पाऊस

शिवडीच्या एका अंगाला खाडी आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तिथल्या चिखलात रोहित पक्षी उतरतात, ते पाहायला लोक दुरून येतात. पण त्याच खाडीवरून येणारी खारी, दमट हवा पोलादाला मानवत नाही. शटर गंजते ते खालून वर. पावसाचे पाणी आणि फरशी धुतलेले पाणी तळाच्या पट्टीजवळ साचते, तिथे पहिला फोड येतो आणि रंगाच्या आतून गंज वर चढतो.

जस्ताचा थर असलेला पत्रा अर्थातच जास्त टिकतो. पण त्यावर वेल्डिंग केले किंवा ड्रिलने भोक पाडले, की तेवढा थर निघून जातो. अशा जागी लगेच जस्तयुक्त रंगाचा हात मारावा. महिन्या-दोन महिन्यांनी शटरचा खालचा भाग गोड्या पाण्याने पुसून कोरडा करावा. गाइडच्या तळाला पाणी निघून जायला वाट आहे का, हे पाहावे.

तेलपाण्याबाबत एक गैरसमज फार रुजलेला आहे. शटर कुरकुरले की गाइडमध्ये ग्रीस भरायचे. त्या चिकट ग्रीसमध्ये रस्त्यावरची धूळ बसते आणि काही आठवड्यांत त्याची घासणारी लापशी होते. गाइड कोरडे, स्वच्छ ठेवावे आणि फार तर सिलिकॉनचा हलका फवारा मारावा. ग्रीस लागते ते बेअरिंगला आणि साखळीला.

विजेच्या भागाची काळजी मे महिन्यातच घ्यायची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सखल भागांतील तळघरे, वाहनतळ पाण्याने भरले. तेव्हापासून मुंबईकरांना उंचीचे महत्त्व कळले आहे. शटरची मोटर वर असते खरी, पण बटणांची पेटी आणि जोडण्या पुष्कळदा खालीच असतात. त्या छातीच्या उंचीवर घ्याव्यात. अर्थिंग तपासून घ्यावे आणि या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरक्षक स्विच असावा. ओले लोखंडी शटर आणि सदोष वायर यांची गाठ पडली, तर सारे दारच विजेने भारले जाते.

हिशेब आणि वही

याच इमारतीतील लिफ्टला कायद्याचे संरक्षण आहे. मुंबईत १९३९ पासून लिफ्टचा कायदा होता आणि २०१७ मध्ये लिफ्ट, सरकते जिने आणि सरकते मार्ग यांच्यासाठी राज्याने नवा कायदा केला. लिफ्टची तपासणी होते, तिची नोंद राहते. शेजारी टांगलेले शंभर किलोंचे शटर त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे त्याची वही इमारतीलाच ठेवावी लागते.

त्या वहीत फार काही नको. शटर कधी बसवले, वजन कोण पेलते (स्प्रिंग की साखळी), स्प्रिंग शेवटची कधी बदलली, दिवसाला अंदाजे किती फेरे होतात आणि दर महिन्याच्या तीन चाचण्यांची तारीख व सही. हाताची चाचणी, फळीची चाचणी आणि वीज बंद करून केलेली चाचणी. देखभालीचा वार्षिक करार करताना 'सर्व्हिसिंग' या एका शब्दावर समाधान मानू नये. स्प्रिंग, गिअर, ब्रेक, लिमिट स्विच, सेन्सर अशी नावे करारात असावीत आणि कोणता सुटा भाग करारात धरला आहे, कोणता नाही, हेही लिहून घ्यावे.

खर्चाचा वाद बहुधा सर्वसाधारण सभेत निघतो. सामाईक प्रवेशाचे शटर सगळ्यांचे असल्याने त्याचा खर्च सोसायटीने करणे ओघानेच आले. उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती-देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमा करायचा असतो, तो अशाच कामांसाठी असतो. एखाद्या सभासदाच्या स्वतंत्र गॅरेजच्या दाराचा भार मात्र त्यानेच उचललेला बरा. पण तपासणीची तारीख सर्वांची एकच ठेवावी, कारण मुले कोणाच्या गॅरेजसमोर खेळायचे हे मालकी पाहून ठरवीत नाहीत.

रिमोटचीही नोंद ठेवावी. जुन्या रिमोटचा संकेत दर वेळी तोच असतो आणि नाक्यावरच्या दुकानात त्याची नक्कल होते. नव्या रिमोटचा संकेत दर दाबण्याला बदलतो. ड्रायव्हर नोकरी सोडून गेला किंवा रिमोट हरवला, तर तो यंत्रणेच्या स्मरणातून पुसून टाकता येतो. घराच्या किल्ल्या आपण मोजतो, तसेच रिमोटही मोजावेत.

आपल्याकडे यंत्रांची आठवण काढण्याचा दिवस ठरलेलाच आहे. खंडेनवमीला गिरणगावात यंत्रांची पूजा होत असे आणि आजही दसऱ्याला शटरवर झेंडूचे तोरण चढते. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि चार महिन्यांचा गंज दिसू लागलेला असतो. वर्षाची मोठी तपासणी त्याच सुमारास करून घ्यावी. दुसरी मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर. तोरण मात्र शटरच्या पट्ट्यांना न बांधता बाजूच्या भिंतीला बांधावे. फुले गाइडमध्ये गेली किंवा सेन्सरच्या आड आली, की ऐन सणाच्या दिवशी गाडी आत आणि पाहुणे बाहेर, अशी गत व्हायची.